विषम सालांची डिस्क

आमच्या कॉम्प्युटरवर डाव्या बाजूला सालांची उतरंड होती. वाटणीआधीची, २०१३ पासून २०२२ पर्यंत दहा सालं, एकाखाली एक. त्यांतल्या पाचांपुढे दोन वर्षं प्रश्नचिन्ह होतं. तेरा, पंधरा, सतरा, एकोणीस, एकवीस. फोटो दिसायचे, पण टिकलीएवढे. मोठा करायला गेलं की प्रोग्राम सांगायचा, मूळ फोटो सापडत नाही, कुठे आहे ते दाखवा. कुठे आहे ते मला चांगलं माहीत होतं. मधल्या भिंतीपलीकडे, माझ्या दिराच्या कपाटात, त्याच्या लग्नातल्या कोटाखाली.

हा प्रोग्राम फोटो पोटात ठेवत नाही. फोटो असतात डिस्कवर. प्रोग्राम फक्त एका फाइलमध्ये लिहून ठेवतो की कुठला फोटो कुठल्या डिस्कवर, कुठल्या फोल्डरात आहे, आणि किशोरीने त्याचं काय काय केलं. किशोरी म्हणजे मी. इथे उजेड वाढवला, तिथली सावली उचलली, वाकडा मांडव सरळ केला. मूळ फोटोला तो बोटही लावत नाही, केलेलं सगळं त्या फाइलमध्ये राहतं. तिला आम्ही लायब्ररी म्हणतो. फोल्डर हलवायचं तर प्रोग्रामच्या आतून हलवायचं, म्हणजे तो नवा पत्ता लिहून घेतो. बाहेरून हलवलं की तो जुन्या पत्त्यावर दार ठोठावतो आणि प्रश्नचिन्ह लावून बसतो.

हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी मी ती फोल्डरं बाहेरून हलवली, याच हातांनी. कारण त्या दिवशी माझ्या खुर्चीमागे तीन पुरुष उभे होते.

बोर्ली पंचतनला आमचं घर रस्त्याला लागून आहे. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे भाताच्या कणग्या ठेवायची खोली, ती माझी. माझा नवरा हरेश्वर आणि धाकटा दीर दीपेश लग्नांना जायचे, फोटो काढायचे, जेवून यायचे. मी मागच्या खोलीत बसून त्यांनी आणलेलं निस्तरायचे. दहा वर्षांत चारशेवर लग्नं पाहिली आणि एकाही लग्नात जेवले नाही. मूलबाळ नाही, म्हणून माझ्याकडे वेळच वेळ आहे असं घरातल्यांनी ठरवून टाकलेलं. त्या खोलीला एक खिडकी होती. ती मीच बुजवायला लावली, कारण बाहेरचा उजेड आला की स्क्रीनवरचे रंग खरे कळत नाहीत. तेव्हा कोंडून घेतलं म्हणून कुणाला बोल लावायची सोय मी ठेवलेली नाही.

नवऱ्याला तोंडावर मी अहोच म्हणते. इथे लिहिताना जमत नाही, राग आहे.

भांडण झालं ड्रोनवरून. दिवेआगरला एका लग्नात दीपेशने ड्रोन उडवला आणि तो माडाच्या झावळ्यांत अडकला. हरेश्वर सगळ्या वरपक्षासमोर त्याला म्हणाला, आता चढ आणि काढ. दीपेश चढला. कोट घालून चढला, ड्रोन काढला, खाली उतरला, घरी आला आणि वेगळं व्हायचं म्हणून बसला. घराच्या मधोमध भिंत उठली. कॅमेरे वाटले, लाइटा वाटल्या, आणि शेवटी गाडी फोटोंवर आली.

वाटणी करायला सासरे बसले. दिनानाथ त्यांचं नाव, आम्ही आबा म्हणतो. उभा जन्म भातशेतीत गेलेला माणूस. त्यांच्या बापाने खाचरं वाटली होती तशीच त्यांनी सालं वाटली, एक आड एक, म्हणजे सगळी चांगली जमीन एकाकडे जात नाही. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने पहिला उचलायचा. हरेश्वरने पाडले सम आणि विषम. दीपेशने क्षणभरही न थांबता विषम उचलली, कारण समांत २०२० होतं. त्या साली आधी टाळेबंदी, मग जूनचं वादळ, लग्नं बोटांवर मोजण्याइतकी.

मी म्हटलं, वाटता कशाला, कॉपी करते. दोघांनाही दहाच्या दहा सालं मिळतील, कुणाचं काही कमी होणार नाही. मी एकच म्हैस दोन गोठ्यांत बांधायला निघालेय, अशा नजरेने आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"येकच वस्तू दोघांकडं ऱ्हायली तर ती वाटणी कसली?" ते म्हणाले. "वाटा म्हंजे हितून उचलायचा न् तितं ठेवायचा."

आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे भाऊ या एका गोष्टीवर लगेच राजी झाले. कॉपी नाही, कट. शिवाय आबांना ते डोळ्यांनी दिसायला हवं होतं. प्रोग्रामच्या आतून केलं तर काही गेल्यासारखं दिसत नाही. म्हणून मी प्रोग्राम बंद केला, स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या आणि एकेक फोल्डर या खिडकीतून काढून त्या खिडकीत टाकलं. आबा मान डोलावत राहिले. शेवटी उरली ती लायब्ररीची फाइल.

"ह्यात फोटो हायत?" आबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ दे तितंच."

माझं दहा वर्षांचं काम असं एका वाक्यात बाजूला पडलं आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

पुढे जे व्हायचं तेच झालं. साखरपुडा डिसेंबरचा आणि लग्न जानेवारीचं असलं की अंगठी एका घरात आणि अक्षता दुसऱ्या घरात. गिऱ्हाईक दोन्ही दारांत उभं राहून दमायचं. दीपेशने नव्या कॉम्प्युटरवर त्याची डिस्क लावली तर सगळे फोटो मळकट, वाकडे आणि हिरवे. हिरवे का, ते सांगते. सुपारीच्या वाडीत हळद असली की ऊन पानांतून गाळून येतं आणि नवरी, करवल्या, मामा, सगळे शेवाळ धरल्यासारखे दिसतात. तो हिरवा रंग माणसांवरून काढायचा आणि पानांवर मात्र तसाच ठेवायचा, हे माझं काम. शिकायला तीन वर्षं लागली, शिकवणारं कुणी नव्हतं. दीपेशला वाटायचं, अल्बममधले रंग कॅमेऱ्यातूनच येतात, आणि आता वहिनीने मुद्दाम त्याच्या वाट्याला नासके घातले. मी समजावून सांगायला गेले तर म्हणाला, चोराच्या उलट्या बोंबा. तेव्हापासून ती डिस्क कोटाखाली गेली.

दोन वर्षं असंच चाललं. मग एका सोमवारी मला अलिबागहून फोन आला.

मृणाल मॅडम म्हणून आहेत, लग्नांचे अल्बम तयार करायचं मोठं काम करतात, हाताखाली तीन मुली. दिवेआगरला कुणाकडे त्यांनी आमचा २०१९ चा अल्बम पाहिला होता. वाडीतल्या उजेडात माणसं माणसांच्या रंगाची ठेवणारं हे कोण, असं विचारत विचारत त्या माझ्यापर्यंत आल्या. स्टुडिओपर्यंत नाही, माझ्यापर्यंत. एक जागा रिकामी आहे म्हणाल्या, राहायची सोय मुलींबरोबर होईल. वाडीतले तीस फोटो पाठव, मूळ आणि केलेला शेजारी शेजारी, शनिवारपर्यंत. फोन ठेवल्यावर मी त्या खोलीत उभी राहिले आणि मला कळलं की मला जायचंय. लगेच फोटो शोधायला बसले.

आणि तीस फोटो माझ्याकडे नव्हते. २०१४ आणि १६ मध्ये मी शिकत होते, ते दाखवण्यासारखे नाहीत. २०१८ मधून नऊ निघाले. वादळाने सुपारीच्या पोफळी आडव्या केल्या, त्यामुळे २०२२ पासून चेहऱ्यांवर नुसतं रखरखीत ऊन. माझं खरं काम सगळं सतरा आणि एकोणीसमध्ये. छपाईसाठी काढलेल्या तयार फायली आम्ही दर पावसाळ्यात जागा व्हावी म्हणून उडवायचो, लायब्ररी आहे, कधीही काढता येतील म्हणून. आता लायब्ररीत माझी प्रत्येक खूण शाबूत होती, आणि ज्यांच्यावर खुणा केल्या ते फोटो भिंतीपलीकडे.

हरेश्वरला सांगितलं. दीपेशकडे डिस्क मागायला तो तयार नव्हता, आणि अलिबागचं ऐकून नाहीही म्हणाला नाही. म्हणाला, सीझन होऊ दे, मग बघू. आमचा सीझन मला पाठ आहे. सीझन संपला की अल्बम, अल्बम झाले की पाऊस, पाऊस गेला की तुळशीचं लग्न आणि पुन्हा सीझन. नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. दीपेशला निरोप पाठवला, त्याने उलट निरोप दिला की उरलेले फोटोही नासवायचे आहेत का. दोन दिवस मी नुसती त्या पाच प्रश्नचिन्हांकडे बघत बसले. खोलीत पंखा फिरायचा आणि बाहेर दुपार आहे की संध्याकाळ ते कळायचं नाही.

शुक्रवारी दुपारी जाऊ आली. हेमाली, दीपेशची बायको, दिवेआगरच्या वाडीतली मुलगी. दोघे भाऊ दोन वेगवेगळ्या लग्नांना गेले होते. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. मला वाटलं घावणं आणलीत. झाकण काढलं तर आत रुमालात गुंडाळलेली डिस्क.

तिला काही माझ्या अलिबागचा पुळका नव्हता, तसं तिने सरळ सांगितलं. तिचं लग्न २०१९ चं. वादळात पत्रे उडाले तेव्हा तिचा अल्बम भिजला आणि पानं एकमेकांना चिकटली, ती आजतागायत सुटली नाहीत. नवा छापून देऊ म्हणता म्हणता घराची वाटणी झाली. आता दीपेशच्या कॉम्प्युटरवर ती स्वतःच्या हळदीत हिरवी आणि मळकी दिसते. "मला माझं तोंड पाह्यजे," ती म्हणाली. "तुम्ही तुमचे फोटो काढा, पन आधी माझं."

डिस्क लावली. प्रश्नचिन्हं जागची हलली नाहीत. मी २०१९ वर जाऊन फोल्डर शोधा म्हटलं, डिस्क उघडली आणि कपाळाला हात लावला. दीपेशने सगळ्या फोल्डरांची नावं बदलली होती. लाडू उष्टावून ठेवतात तसं प्रत्येकाच्या आधी स्वतःचं नाव घातलेलं. दीपेश पाटीलवाडी हळद, दीपेश कार्ले लग्न, दीपेश साखरपुडा दोन. वरचं एक फोल्डर दाखवून आतली सगळी आपोआप सापडली असती, ते गेलं. नशीब एवढंच की आतल्या फोटोंच्या नंबरांना त्याने हात लावला नव्हता. एकेक फोल्डर, एकेक पत्ता. कुठलं कुणाचं हे टिकलीएवढ्या फोटोंवरून ओळखायचं. हेमाली शेजारी बसून ओळखत होती, ही गोंडघरची, हिचा नवरा आता दुबईला, ही आमच्या मावशीची नणंद. एकेक प्रश्नचिन्ह जात होतं. दोन वर्षांनी माझ्या बोटांना काम मिळाल्यासारखं वाटत होतं.

तिची हळद उघडली तेव्हा चार वाजले होते. मी आधी मूळ फोटो दाखवला, हिरवा. मग एक कळ दाबली. पिवळी साडी पिवळी झाली, कपाळ उजळलं, मागची पोफळ मात्र हिरवीच राहिली. हेमालीने खुर्ची पुढे ओढली.

"म्हंजे हे आमच्या वाट्याला कधी आलंच न्हवतं," ती म्हणाली.

मी सतरा आणि एकोणीसमधले एकवीस फोटो निवडत होते तेवढ्यात पुढचं दार वाजलं. दीपेश. लग्न लवकर आटोपलं, घरी येऊन कोट ठेवायला गेला, तर खाली डिस्क नाही. दोन वर्षांत तो आमच्या घरात पहिल्यांदा आला, आणि चोर पकडायला आला. हेमाली जागची उठली नाही. आधी हे बघा म्हणाली. मी कळ दाबली, आधी. पुन्हा दाबली, नंतर. दीपेशने माझ्या हाताखालचा माउस ओढून घेतला आणि स्वतः दाबत बसला, आधी, नंतर, आधी, नंतर, दुसरं लग्न, तिसरं लग्न. केव्हातरी हरेश्वरही येऊन मागे उभा राहिला, खांद्यावर बॅगा तशाच.

मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. निदान दीपेश, चुकलो म्हणून. तो म्हणाला, "ह्यातला माझा अर्धा वाटा?" हरेश्वर म्हणाला, कॉम्प्युटर माझा आहे. आवाज चढले आणि आबांना बोलावणं गेलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, ह्याचे दोन तुकडे होतात का. मी खरं ते सांगितलं. तुकडे होतील, पण दोन्ही तुकडे चालवायला येणारी मी एकटीच आहे. आबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांना त्यांच्या ओळखीचं काहीतरी सापडलं होतं.

"मग ही विहिरीवानी," ते म्हणाले. "खाचरं वाटत्यात, विहीर वाटत न्हाईत. सामाईक ऱ्हाते. सकाळी थोरल्यानं भरायचं, दुपारनंतर धाकट्यानं."

ही म्हणजे लायब्ररी नव्हे. बोट माझ्याकडे होतं.

मी म्हटलं, मला अलिबागला जायचंय. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आता कशाला?" हरेश्वर म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "आता तर समदं जमलं."

पडवीत चहा झाला. दोन वर्षांनी दोघे भाऊ एका बाकावर बसले आणि थोड्या वेळाने त्यांच्या हसण्याचा आवाज आला. दीपेश माडावर कसा चढला ते हरेश्वर सांगत होता आणि दीपेश स्वतःच त्यात भर घालत होता. ते घर मीच जोडलं होतं आणि मला त्याचं वाईट वाटावं याची मला लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं. पुढची वीस वर्षं मला समोर दिसली, सकाळी थोरला, दुपारनंतर धाकटा, आणि मी बुजवलेल्या खिडकीच्या आत. श्वास घ्यायला मी उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. तीस फोटो काढले आणि पाठवले. हेमालीची हळदही काढली, सगळी, पेन ड्राइव्हवर, आणि तिच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

शनिवारी मृणाल मॅडमचा निरोप आला, सोमवारी ये. रविवारी जेवताना मी सांगितलं की मी उद्या जातेय. हरेश्वर म्हणाला, सीझन होऊ दे. आबा भात कालवत हसले आणि म्हणाले, विहीर कुठं जाते? ते चांगल्या मनाने म्हणाले असतील. मी मात्र हातातला घास ताटात परत ठेवला.

"आबा," मी विचारलं, "वाटणीत कॉपी चालत नाही ना?"

"न्हाय."

"वाटा उचलायचा तो पुरताच उचलायचा?"

"व्हय. का गं?"

काही नाही म्हटलं आणि ताटं उचलली.

सगळे वामकुक्षीला गेल्यावर मी मागच्या खोलीत बसले. बाजारातून आणलेली एक छोटी डिस्क लावली. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या, अगदी त्या दिवशीसारख्या. लायब्ररीच्या फाइलवर गेले. कॉपी केली असती तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं, आणि उद्यापासून दोघांनी माझ्या खुणांवर दुसरं कुणीतरी आणून बसवलं असतं. मी कट केलं. हिरवी पट्टी हळूहळू सरकत गेली, आणि या खिडकीतून फाइल नाहीशी झाली.

सकाळी साडेसातच्या गाडीने दिघीला आले. हेमाली फाट्यापर्यंत सोडायला आली होती, तिने डबा हातात दिला. या वेळी खरोखरच घावणं होती. फेरीबोट आगरदांड्याकडे निघाली आणि मध्यावर आली तेव्हा फोन वाजला.

"किशोरी, त्यो प्रोग्राम उघडत न्हाय," हरेश्वर म्हणाला. "लायब्ररी सापडत न्हाय म्हनतो. कुठं हाय ते दाखव म्हनतो."

"माझ्याकडे आहे."

"म्हंजे? कॉपी नेलीस?"

"नाही. कट केली."

सकाळचा वाटा थोरल्याचा, पण दीपेशही तिथेच असावा, कारण वयनी काय म्हनते, वयनी काय म्हनते, असं मागून ऐकू येत होतं. मी हरेश्वरला सांगितलं की दोघांचीही कामं मी करीन, डिस्क घेऊन अलिबागला यायचं, रविवार सोडून. आणि तुम्ही एकटे याल तेव्हा जेवूनही जा.

त्याने फोन ठेवला नाही. बाजूला धरून तो आबांना सांगत होता, नेली, समदी नेली, मागं काय ठेवलं न्हाय. मग आबांचा आवाज आला, लांबून, पण स्वच्छ.

"तिचा वाटा तिनं उचलला," आबा म्हणाले. "इतकी वर्सं तुमी तिला इचारलं व्हतं का?"

बोट धक्क्याला लागत होती. गाड्यांची इंजिनं सुरू झाली, लोक पुढे सरकले. मी डबा पिशवीत ठेवला, डिस्क आहे ना ते चाचपून पाहिलं, आणि अलिबागची गाडी कुठे लागते ते बोटीवरच्या तिकीटवाल्याला विचारलं.